पंपघरातला दिवा

शर्मिष्ठा ताम्हणे म्हणजे भांडुपच्या वीज ऑफिसातली कडक बाई. कडक म्हणजे किती, तर ती जिना चढताना दिसली की वरच्या मजल्यावरचे चहाचे कप आपोआप टेबलाखाली जायचे. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची ऑफिसात कुणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं, की वेळ मिळाला नाही, बस. आई होती तोवर मुलुंडच्या घरात आईचं सगळं केलं. आई गेल्यावर त्याच घरात एकटी राहिली, आणि सकाळी डबा घेऊन सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर.

ती इंजिनियर होऊन आली तेव्हा या खात्यात बायका म्हणजे एक तर टेलिफोनवर, नाहीतर टायपिंगला. पहिल्याच दिवशी एका वायरमननं दात काढत विचारलं, "मॅडम, तुमाला शॉकची भीती नाय वाटत?" ही म्हणाली, "वाटते की. तुला वाटत नसेल तर तू उद्यापासून येऊ नकोस." त्यानंतर असले प्रश्न बंद झाले.

तिला घडवलं ते नाना सावर्डेकरांनी, म्हणजे तिच्या पहिल्या साहेबांनी. मालवणचा माणूस. बोलणं फटकळ, पण जीव लावणारा. या नानांची एक रीत होती. फ्यूज बदलण्यापासून नवी केबल टाकण्यापर्यंत कुठलंही काम असो, ते कागदावर 'झालं' असं लिहायच्या आधी साहेबानं स्वतः त्या जागेवरच्या माणसाला फोन लावायचा आणि विचारायचं, "उजेड आला का?" पलीकडून "आला" असं ऐकू आलं तरच काम संपलं. वायरमन शपथा घ्यायचा, साहेब, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. नाना म्हणायचे, "तुझे डोळे तुझ्यापाशी ठेव. जेच्या घरात काळोख, तेकाच इचारूक व्हया."

शर्मिष्ठेनं असे हजारो फोन केले असतील. काही आवाज तर तिला नावानिशी ओळखू यायला लागले. त्यातलाच एक सुंदराबाई सोनकांबळेंचा. नवप्रभा सोसायटीत पाण्याचा पंप चालू-बंद करायचं काम सुंदराबाईंकडे होतं. नवरा वारल्यावर त्या लातूरकडून मुलाला घेऊन आल्या आणि पंपघराला लागून असलेल्या खोलीत त्यांनी सगळं आयुष्य काढलं. पंपाची वीज गेली की तक्रार त्यांचीच. काम झाल्यावर शर्मिष्ठा विचारायची, "सुंदराबाई, उजेड आला का?" त्या म्हणायच्या, "आला बाई, पाणी बी चढलं." आणि फोन ठेवायच्या आधी न चुकता उलटा प्रश्न, "आन् तुमचं पोरगं? आलं का माघारी नीट?" पोरगं म्हणजे कामाला आलेला वायरमन. शर्मिष्ठेला या चौकशीचा कंटाळा यायचा. वायरमन परत येणार नाही तर जाणार कुठे?

पुढे नाना रिटायर झाले, बोरीवलीला मुलाकडे राहायला गेले, आणि शर्मिष्ठा त्यांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची मिळाली खरी, पण खात्याचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. कुठलं काम आधी करायचं याला नियमच नाही. नगरसेवकाचा फोन आला की त्याच्या मेव्हण्याची गल्ली आधी. बिल्डरनं मिठाई पाठवली की त्याचा टॉवर आधी. आणि एका गल्लीत गटाराच्या पाण्यात उभा असलेला, दार लटकणारा विजेचा डबा वर्षभर तसाच, कारण त्या गल्लीत ओरडणारं कुणी नव्हतं. शेवटी त्या डब्याला चिकटून तबेल्यातली म्हैस मेली. माणूस मेला नाही हे नशीब.

शर्मिष्ठेनं ठरवलं, बास झाला हा गोंधळ. तिनं मिहिर नावाच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला हाताशी धरलं आणि प्रत्येक कामाला मार्क द्यायची पद्धत बसवली. धोका किती, घरं किती, जवळ दवाखाना आहे का, शाळा आहे का, खर्च किती. ज्याला मार्क जास्त ते काम वर, आणि वरचं काम आधी. नगरसेवकाला मार्क शून्य. लोक हसले, मग चिडले, मग गप्प बसले, कारण कामं खरोखर भराभर व्हायला लागली. टोळी कामावर असताना सगळ्यांचे मोबाइल गाडीतल्या पेटीत कुलूपबंद करायचा नियमही तिचाच. काम करता करता रील बघणं बंद झालं. काही म्हणा, बाईनं खातं सरळ केलं. याचं श्रेय तिला द्यायलाच पाहिजे.

आणि याच झाडाझडतीत तिनं नानांचा फोन बंद केला.

तिचंही बरोबर होतं म्हणा. माणूस फोनवर नुसतं "आला" म्हणून थांबतो का? बिल जास्त का आलं, शेजाऱ्यानं गॅलरी कशी ढापली, तुमच्याकडे मुलाला चिकटवता येईल का, सगळं ऐकावं लागतं. त्यात इंजिनियरांचे अर्धे दिवस जायचे. आता मशीन फोन करायला लागलं. "काम झालं असल्यास एक दाबा, झालं नसल्यास दोन दाबा." दोन दाबलं की काम आपोआप परत उघडायचं आणि त्याला जादा मार्क मिळायचे. हा नियम शर्मिष्ठेचा लाडका, कारण त्यात न्याय होता. तिनं कौतुकानं नानांना फोन करून सगळं सांगितलं. नाना इतकंच म्हणाले, "बरां केलंस गो," आणि फोन ठेवला.

त्यानंतरची दिवाळी झाली आणि नवप्रभाचं काम वर सरकायला लागलं.

नवप्रभा सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. माणसं भाड्याच्या घरांत पांगली, इमारत पाडायला घेतली. राहिलेलं काम अगदीच फालतू: पंपाचं कनेक्शन कायमचं तोडणे. घरं शून्य, दवाखाना नाही, शाळा नाही. मार्क म्हणाल तर नसल्यातच जमा. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं जाऊन मीटर काढून आणला, काम 'झालं'. मशीननं फोन केला. पलीकडून कुणीतरी दोन दाबलं.

काम परत उघडलं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस परत गेला, पुढच्या रस्त्यावरच्या डब्यात डोकावला, तिथली नवप्रभाची केबल काढलेलीच होती. परत 'झालं'. परत दोन. असं होत होत ते शून्य घरांचं काम झोपडपट्टीतल्या, बाजारातल्या, शाळेजवळच्या कामांना मागे टाकत वर यायला लागलं. ऑफिसात चेष्टा सुरू झाली. "मॅडम, उंदीर दाबत असतील बटणं." शर्मिष्ठाही पहिल्यांदा हसली.

मिहिर मात्र हसला नाही. तो लॅपटॉप घेऊन तिच्या केबिनमध्ये आला. "मॅडम, काहीतरी झोल आहे यार. हा नंबर बंद आहे. मशीन सांगतंय की रिंग गेलीच नाही. मग दोन कोण दाबतंय?"

"नंबर कुणाचा आहे?"

"सुंदराबाई सोनकांबळे."

शर्मिष्ठेनं जुन्या अर्जावरून मुलाचा नंबर काढला आणि फोन लावला. सुनेनं घेतला, राधानं. ती म्हणाली, "आई गेल्या हो. गेल्या पावसाळ्यातच गेल्या. टिटवाळ्याच्या त्या घरात त्यांचा जीवच रमला नाही. सारखं म्हणायच्या, मी पंप बंद करायचा विसरले, मला एकदा जाऊन येऊ द्या."

"आणि त्यांचा मोबाइल?"

"तो कपाटात आहे. कार्ड केव्हाच बंद झालं. चार्जिंग पण नाही केलं कधी." राधा थांबली. "बघू का?" कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. शर्मिष्ठेनं दोनदा हॅलो म्हटलं.

"मॅडम," राधा हळू आवाजात म्हणाली, "हा गरम लागतोय हाताला."

शर्मिष्ठा शिकलेली बाई. कपाट भिंतीला लागून असेल, भिंतीवर ऊन येत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी साइटवरून परत येताना तिनं रिक्षा नवप्रभाच्या गल्लीतून घ्यायला लावली. इमारत जमीनदोस्त झाली होती. राडारोडा, वाकलेल्या सळया, आणि मधोमध एकटं पंपघर उभं. दार नाही, पत्रा नाही. आत वायरीला लोंबकळणारा एक पिवळा दिवा भर दुपारी जळत होता.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तिनं काय करावं? जे तुम्ही-आम्ही करतो तेच केलं. वॉचमननं कुठूनतरी आकडा टाकला असणार, असं म्हणून मनाची समजूत घातली. वीजचोरी दुसऱ्या खात्याकडे जाते. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इधर रुकना नहीं, अच्छा नहीं लगता." तिनं त्याला गाडी पुढे घ्यायला सांगितलं. मोठी चूक केली. ऑफिसात बसून मार्क द्यायची सवय लागली, की माणसाला डोळ्यांसमोरचा दिवासुद्धा दुसऱ्या खात्याचा वाटतो.

मग तो दिवस आला. हेड ऑफिसची माणसं शर्मिष्ठेची पद्धत बघायला येणार होती. पसंत पडली तर सगळ्या उपनगरांत लागू होणार. शर्मिष्ठेनं ठेवणीतली साडी नेसली होती, आणि सकाळी बघते तर काय, यादीत सगळ्यात वर नवप्रभाचा पंप. तिची सटकली.

"मिहिर, काढून टाक ते. नंबर ब्लॉक कर आणि काम बंद कर."

"मॅडम, एकदा कुणीतरी फोन करून बोललं असतं तर…"

"मेलेल्या बाईशी काय बोलू रे मी? बंद कर म्हटलं ना!"

त्यानं बंद केलं. त्याच्याखालचं काम आपोआप वर आलं, आणि ते काम होतं त्याच प्लॉटवर. नव्या टॉवरसाठी केबल टाकायची, त्यासाठी खणायचं. टॉवरमधली घरं भरपूर, म्हणून मार्क भरपूर. प्लॉटवर कुठलीही जिवंत वीज नाही, या कागदावर शर्मिष्ठेनं स्वतः सही केली आणि केतनची टोळी निघाली.

केतन म्हणजे घाटकोपरचा पोरगा, लाइनमन. हसरा, थोडा आगाऊ, पण कामाला वाघ. शर्मिष्ठा ज्याची चेष्टा खपवून घ्यायची असा ऑफिसातला एकटाच. जाताना दारातून डोकावून म्हणाला, "मॅडम, आज साडी झकास हां! साहेबलोक गार!" ती ओरडली, "चल नीघ, मोबाइल पेटीत टाकायला विसरू नकोस." तो हसत गेला.

हेड ऑफिसचे साहेब आले, चहा झाला. शर्मिष्ठा पडद्यासमोर उभी राहून समजावत होती की मार्क कसे पडतात, आणि तिचा मोबाइल वाजला. तिनं बंद केला. परत वाजला. नावाच्या जागी काहीच नव्हतं, नंबरसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "घ्या, घ्या, अर्जंट असेल." तिनं कानाला लावला.

पहिल्यांदा नुसती पंपाची घरघर. जुना पंप चालताना येते तशी, एकसुरी. मग आवाज आला, आणि तो कुणाचा आहे हे तिला पहिल्याच शब्दाला कळलं.

"बाई, उजेड जाईना हो. किती बटनं दाबली, जाईना. तुझी पोरं माझ्या दारात खणायलीत. इचार की एकदा, उजेड गेला का म्हून."

फोन बंद झाला होता. आकडा नाही, वॉचमन नाही. तो दिवा आपल्याच विजेवर जळतोय. पुढच्या डब्यातून नाही, तर मग कुठून? हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. तिनं सगळ्यांसमोर बोरीवलीला फोन लावला.

"नाना, नवप्रभाच्या पंपाला कुठून वीज दिली होती?"

"मागच्या गल्लीतसून," नाना लगेच म्हणाले. "पुढच्या डब्यार लोड झेपत नाय होतो. मीच केबल टाकलंय. कागदार घालूचां रवलां ता रवलांच." म्हणजे ती केबल कुठल्याच कागदावर नव्हती. आणि मग नाना सहज, कालपरवाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "गे, त्या सुंदराबाईचो फोन इललो माका. म्हणता, तुमची माणसां आता इचारनत नाय."

नानांना अलीकडे विसर पडायला लागला होता, मेलेजितेही एकत्र व्हायचे, हे शर्मिष्ठेला माहीत होतं. पण त्या क्षणी तिला ते आठवलंही नाही. तिनं केतनला फोन लावला. रिंग वाजत राहिली. गाडीतल्या पेटीत, कुलपात, तिच्याच नियमाप्रमाणे. टोळीतल्या दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. पेटीच वाजत असणार नुसती. आणि केतन हातात पहार घेऊन, मॅडमची सही आहे या भरवशावर, खाली दणादण घाव घालत असणार.

तिनं कंट्रोल रूमला फोन लावला. "नवप्रभाच्या मागच्या गल्लीचा फीडर बंद कर. आत्ता. पूर्ण."

"मॅडम?" तिकडे अक्षता ड्यूटीवर होती. "त्याच्यावर अख्खी वसाहत आहे. नर्सिंग होम आहे."

"नर्सिंग होमला जनरेटर आहे. पाड फीडर!"

"पण कारण काय लिहू? साहेब विचारतील ना."

समोर हेड ऑफिसची माणसं तोंडाकडे बघत बसलेली. पडद्यावर तिचे सुंदर मार्क. शर्मिष्ठा म्हणाली, "लिही, ग्राहकाची तक्रार. माझ्या नावावर लिही. अक्षता, पाड गं बाई, हात जोडते."

तिकडे खटका पडल्याचं ऐकलं आणि ती धावली. ठेवणीतली साडी, पायात चपला आहेत की नाही याचं भान नाही. खाली मिळेल ती रिक्षा थांबवली. रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे, रिक्षा मुंगीच्या पावलानं चाललेली. शेवटचा रस्ता ती पळत गेली. चढावर, पन्नाशी उलटलेली बाई, आणि तोंडानं एकच, केतन, केतन.

प्लॉटवर सामसूम होती. टोळी खड्ड्याभोवती गोळा होऊन उभी. ती तशीच माणसांना ढकलत पुढे घुसली.

केतन खड्ड्यात उभा होता. उभा होता! हातात पहार, आणि पहारीचं टोक एका जाड काळ्या केबलमध्ये पार आत रुतलेलं.

"मॅडम," तो म्हणाला. "मी पहार उगारली होती. तेवढ्यात पंपघरातला दिवा गेला. तो गेला म्हणून मला कळलं की तो आधी जळत होता. पण हात थांबला नाही, घाव बसला. ही तर मेलेली केबल असणार ना, मॅडम? तुमची सही आहे."

शर्मिष्ठा त्या राडारोड्यातच बसली. तिनं त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. सगळ्या टोळीसमोर कडक बाई ढसाढसा रडली. कुणाला हसू आलं नाही.

मागच्या गल्लीतल्या डब्यातून ती केबल तिनं उभं राहून काढून घेतली, मग वसाहतीची वीज परत सुरू करवली. हेड ऑफिसची माणसं तोवर निघून गेली होती. फीडर विनाकारण पाडल्याबद्दल खुलासा द्या, असा निरोप टेबलावर होता. तिनं तो बाजूला सारला. मशीनमध्ये नवप्रभाचं काम बंद दाखवत होतं, सकाळपासूनच. पण तिच्या लेखी ते अजून संपलं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं होतं. केतन घरी जायला तयार नव्हता. तो तिच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता. शर्मिष्ठेनं दार लोटलं आणि सुंदराबाईंचा नंबर लावला. रिंग गेली नाही. नंबर बंद आहे असंही कुणी म्हणालं नाही. नुसती शांतता, खोल टाकीत डोकावावं तशी.

"सुंदराबाई," ती म्हणाली, "उजेड गेला का?"

तिनं फोन कानाला घट्ट धरून ठेवला. आणि मग, फार लांबून, झोपेला आलेल्या माणसासारखा आवाज.

"गेला, बाई."

शर्मिष्ठेनं डोळे मिटले. आता ठेवावा म्हणून तिनं हात खाली घेतला, तर आवाज परत आला.

"आन् तुमचं पोरगं? आलं का माघारी नीट?"

काचेपलीकडे केतन चहा संपवून रिकाम्या कपाकडे बघत बसला होता.

"आलं," शर्मिष्ठा म्हणाली. "आलं, सुंदराबाई."